पुडीतलं वजन

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने भुताखेतांवर विश्वास ठेवू नये. मीही ठेवत नाही. पण तुम्ही या पुडीबद्दल विचारलंच आहे, तर दिवा जरा जवळ घ्या.

माझं दुकान ठाकूरद्वारला. पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात, फाउंटनला मोर्चा होता त्या दुपारी, भाचा कमलाकांत आला. मनगटावर त्याचं लाडकं ऑटोमॅटिक घड्याळ. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि चावी आपोआप भरते. किती चावी उरली ते दाखवायला तबकडीवर छोटा काटा. आळशांचं घड्याळ, असं मी त्याला चिडवायचो. गर्दीत काच फुटेल म्हणून त्याने ते माझ्याकडे ठेवलं. संध्याकाळी नेतो म्हणाला.

संध्याकाळी गोळीबाराची बातमी आली. कमलाकांत आला तो चौघांच्या खांद्यावर.

घड्याळ खणातच राहिलं. काढून ठेवलेलं असं घड्याळ दीड-दोन दिवसांत बंद पडतं. दहाव्याला बाणगंगेवर जाताना, त्याच्या आईला द्यावं म्हणून मी ते खिशात घातलं, तर ते चालू होतं. चावी पूर्ण भरलेली. खणाची किल्ली तर माझ्याच जानव्याला.

पिंडाला कावळा शिवेना. अप्पा, म्हणजे त्याचे वडील, मोठ्याने म्हणाले, तुझ्या बहिणीचं, बेबीचं, लग्न थाटात करू. मी म्हणालो, तुझ्या आईला अंतर देणार नाही. मुंबई मिळवूच, असंही कुणी म्हणालं. कावळे झाडावरच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावा लागला.

परतताना घड्याळ नलूच्या हातात दिलं. नलू त्याची आई, माझी धाकटी बहीण. तिने ते कानाला लावलं.

"दादा, अजून हात हलतोय रे त्याचा. दमला असेल… थांबव त्याला."

दुकानात येऊन मी मागचं झाकण उघडलं, ते वजन काढलं आणि कागदाच्या पुडीत बांधून खणात टाकलं. काटा हळूहळू उतरला, घड्याळ थांबलं, तसं ते नलूला परत नेऊन दिलं. त्या रात्री नलूला झोप लागली, असं अप्पा म्हणाले. माझाही जीव भांड्यात पडला.

साठ सालच्या एक मेला गिरगावभर तोरणं लागली, पेढे वाटले गेले. नलू सकाळीच घड्याळ घेऊन दुकानात आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हसत होती.

"वजन बसव, दादा. ज्यासाठी गेला ते झालं. आज हे घालून मिरवणुकीत चालते मी."

मी खणातून पुडी उचलली. आत वजन हलत होतं… इकडून तिकडे, तिकडून इकडे, झपाझप चालणाऱ्या माणसाच्या हाताच्या तालात. आम्ही फक्त घड्याळ थांबवलं होतं. पोरगं इतकी वर्षं चालतच होतं.

"शांत आहे ना रे तो?" नलूने विचारलं.

"आहे," मी म्हणालो, आणि पुडी मुठीत दाबली. वजन हरवलं म्हणून सांगितलं. तिने बंद घड्याळच बांधलं आणि दुखरे गुडघे सावरत मिरवणुकीत गेली.

गेल्या पौषात नलू वारली. हात पुढे करा… धरा ही पुडी. पूर्वी फार भरभर हलायची. आता ताल मंदावलाय, गुडघे दुखणारं माणूस बरोबर असलं की आपण चालतो तसा.