न पिंजलेला कापूस

शेजारच्या बादलच्या बहिणीचं, रंजिताचं लग्न चार दिवसांवर आलेलं. नव्या साउंड बॉक्सची ऑर्डर त्याचीच. म्हणून साउंड बॉक्स बनवणारा आर्णीचा अब्दुल गनी त्या दिवशी भर दुपारी चार इंची पाईप आणायला गेला. बॉक्सला भोक लागतं, भोकाला पाईप लागतो, आणि पाईप बोटभर कमीजास्त झाला की बेस फाटलाच म्हणून समजा. आतून चारही बाजूंनी कापूसही हवा, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा घुमतो.

कापूस या खेपेला घरचाच होता. बायकोला, जैबुनबीला, दमा. डॉक्टरांनी कापसाची गादी सोडायला लावली, फोमची आली. जैबुनबीच म्हणाली, "अजी, फेकता काहून? भरा तुमच्या डब्यात!"

गनीचा बाप पिंजारी. तो सांगून गेला होता, आजारी माणसाच्या अंथरुणातला कापूस पिंजल्याबिगर दुसऱ्या कामाले लावू नको, त्याचा दम त्यात राह्यते. पण बापाची पिंजायची कमान भिंतीवर लोंबत होती, तिची तात, म्हणजे आतड्याची दोरी, कधीचीच तुटलेली. आणि म्हातारी माणसं काय, बोलतच राहतात! गनीने गादी उसवली आणि कापूस तसाच आत चिकटवला.

पाईप बसला. हवा नीट खेळते का ते बघायला तो भोकापाशी उदबत्ती धरायचा. आजही पेटवून धरली. गाणं लावणार, तेवढ्यात लाईन गेली. पंखा थांबला. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

धूर सरळ वर जात होता. मग तो वाकला आणि भोकात शिरला.

थोड्या वेळाने बाहेर आला. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. शेवटी एक बारीक शिट्टी... अकरा वर्षं रोज शेजारच्या खाटेवरून ऐकलेली. हवेला ओव्याचा आणि बामचा वास होता. नकळत गनीने भोकावर तळहात दाबला.

आतल्या खोलीत खाट करकरली.

"अजी... खिडकी लावली का? दम कोंडून राह्यला..."

त्याने हात झटकन काढला. "नाई वं... उघडीच हाय."

कापूस काढून टाकावा म्हणून त्याने मागची फळी उघडली, चिमूटभर ओढला, तर आत जैबुनबी अशी खोकली की तिचे डोळे पांढरे झाले. गनीने कापूस परत जागी बसवला, स्क्रू आवळले. बॉक्स तिच्या उशाशी ठेवला, पाईप खिडकीकडे करून.

बादलला जुनेच दोन बॉक्स मिळाले. "चाचा, नवा काहून नाही देत?"

"नाई देत म्हटलं ना!" गनी खेकसला. जन्मात तो कोणावर खेकसला नव्हता.

महिन्याभराने, शुक्रवारी सकाळी, जैबुनबी झोपेतच गेली. संध्याकाळी तिला माती दिली. बादलनेही खांदा दिला.

तिसऱ्या दिवशी तो भेटायला आला. फोमची गादी गुंडाळलेली, खाट उघडी. गनी बॉक्सपाशी बसलेला, पोटात अन्न नाही.

"चाचा, हा डब्बा कायले जवळ घेऊन बसले? थांबा, बाहेर ठेवतो."

"हात नको लावू!" गनी ओरडला. पण बादल वाकला होता, आणि त्याचा पंजा नेमका भोकावर पडला.

रिकामी खाट करकरली.

"अजी... खिडकी लावली का?"

बादल मागे कोसळला. पाईपातून हवा सुटली, ओव्याच्या वासाची, आणि मग हळूहळू पुन्हा आत गेली.

गनी रडत होता. "बादल... शुक्रवारी आपण कोणाले माती देऊन आलो रे?"