विहिरीतला कॅल्साइट

आटपाडीच्या माळावर राजनंदिनीची स्कूटी पंक्चर झाली आणि ढकलायला जो धावून आला, तो शिवतेज. ती सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. तिच्या पिशवीतला हातोडा बघून तो म्हणाला, "आवं मॅडम, आमच्या विहिरीत देव निघालाय. बघता?"

देव म्हणजे काळ्या खडकाच्या पोकळीत वाढलेला मधाच्या रंगाच्या स्फटिकांचा झुपका, वर शेंदूर फासलेला. कुणीतरी कापलेलं लिंबू वाहिलं, दगडावर बुडबुडे आले आणि देव कोपला म्हणून खोदकाम बंद! वर डाळिंबाची बाग पाण्यावाचून वाळत होती.

"हा कॅल्साइट. चुन्याचाच भाऊबंद. आंबट लागलं की फसफसणारच."

शिवतेजच्या वडिलांनी, आप्पासोंनी, हात जोडले. "नाव तरी कळलं देवाचं."

राजनंदिनीने कपाळावर हात मारला.

मग मार्चभर दर रविवारी ती आली. लिंबू पिळून दाखवलं, सुरीने ओरखडा काढून दाखवला. आप्पासो मान डोलवायचे आणि उदबत्ती लावायचे. शिवतेज नुसता तिच्याकडे बघायचा.

"दगडाकडे बघा!"

"दगड हितंच हाय. तुमी सांजच्याला जाताय."

शेवटी शिवतेजनेच देवाला कौल लावला. उजवं फूल आधी पडलं तर देव बांधावर न्यायचा आणि खोदकाम चालू; डावं पडलं तर विहीर बुजवायची. राजनंदिनी बघत होती. डावं फूल त्याने स्फटिकांच्या खाचेत घट्ट बसवलं. उजवं मात्र तेलकट, उतरत्या, काचेसारख्या बाजूवर. ते पडणारच होतं… पडलं.

आप्पासो वळले. "मॅडम, तुमी खोटं बोलत न्हाई. कौल खरा न्हवं?"

शिवतेजचा चेहरा उतरला. राजनंदिनीने खाचेत घट्ट बसलेल्या डाव्या फुलाकडे एकदा पाहिलं.

"फूल… आपलं आपणच पडलं," ती म्हणाली.

देव वाजतगाजत बांधावर गेला. ती मात्र तरातरा स्कूटीकडे निघाली. शिवतेज मागे.

"लबाड! मलाही सामील करून घेतलंत!"

"व्हय. चुकलंच. आन् अजून एक इचारायचं हुतं… म्हटलं, आधी कौल लावावा—"

"शिवतेज! फुलाला हात लावशील तर याद राख. सरळ विचार."

तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आमच्या घरला येशील? कायमची?"

"येईन. पण एवढं विचारायला अख्खा मार्च लागला तुला?"

ती अजून चिडलेलीच होती. त्याचा हात मात्र तिनेच धरला होता.