डावा हात खिशात

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खुद्द माझ्याच बाबतीत घडलंय. नोव्हेंबरातला शनिवार, भर दुपार. ओहायोतल्या झेन्सव्हिलमधलं माझ्या घराचं तळघर.

टेबलावर मर्विनचा, रेडिओवरचं बोलणं लांबवर पोचवणारा जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडा पडला होता. मर्विन म्हणजे माझा हौशी रेडिओतला (हॅम रेडिओतला) गुरू, मार्चमध्येच गेला. त्याची बायको लुसील घर विकून सोमवारी मुलीकडे राहायला जाणार होती. दर रविवारी सकाळी आम्ही सगळे म्हातारे आपापल्या घरून रेडिओवर गप्पांना जमतो. तिथे त्याच्याच यंत्रावरून तिला सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता.

मी शब्द देऊन बसलो होतो.

आणि ते धूड काही केल्या चालेना! वीज साठवणारे जुने कपॅसिटर फुगून फुटले होते. नवे बसवले, मिनिटभर चाललं, बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. डोकं नुसतं भणभणत होतं.

फोन वाजला.

"डेल, झालं का रे?" लुसील.

"होतंय गं! सारखं विचारू नकोस."

"मर्विन असता तर एव्हाना..."

"नाहीये ना तो! म्हणूनच मी मरतोय इथे!"

फोन आपटला. वाईटही वाटलं.

रागारागात प्लग उपटला आणि आत हात घातला. मर्विनचा एकच नियम. काम उजव्या हाताने, डावा मागच्या खिशात. दोन्ही हात आत गेले की झटका थेट छातीतून जातो.

सवयीने डावा खिशातच होता. पण एक कपॅसिटर हलत होता. तो धरायला मी डावा बाहेर काढू लागलो...

निघेना.

जोर लावून ओढला...

खिशात माझ्या बोटांत कुणाची तरी बोटं अडकली होती. गार. खरखरीत.

उजव्या हातातला पाना सुटला आणि यंत्रात पडला.

धाड!

डोळेच दिपले. प्लग काढलेला, तरी आत तीन हजार व्होल्ट तसेच होते. साठलेली वीज जिरवणारा रेझिस्टर जळून गेला होता. आणि हात घालण्याआधी अर्थिंगची काठी टेकवून ती वीज उतरवायची, हे मी संतापात साफ विसरलो होतो.

खिशातली पकड सैल झाली.

रेझिस्टर बदलला, रविवारी यंत्र चाललं. लुसील बोलली, सगळे रडले. जाताना यंत्र मलाच देऊन गेली.

माझ्या बायकोने, डोनाने, माझ्या सगळ्या पॅन्टचे मागचे खिसे शिवून टाकले. मीच सांगितलं होतं.

काल इस्त्री करताना तिने विचारलं, "डेल, डाव्या खिशाची शिवण तू उसवलीस?"

मी हातही लावला नव्हता.

धागे... आतून तुटले होते.