अंधारकुंडाशी दमणारी गाडी

शिखर स्थानकातून निघताना गाडी अगदी जोमात असे. पहिले वळण ती सहज घेई, बोगद्यातून बाहेर येताना थोडी रेंगाळे आणि अंधारकुंड स्थानक हातभर अंतरावर आले की दमलेल्या माणसासारखी थांबे. अकरा वर्षांच्या इंदू तांडेलने इंजिन बदलून पाहिले. दुसरे इंजिनही नेमके त्याच जागी थांबले.

गाडी खेळण्यातली दिसत असली तरी खेळासाठी नव्हती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या वसाहतीत ऊन मिळे ते उंच कड्यावर. पाणी मात्र होते खाली विवरात, जिथे सूर्य कधीच डोकावत नाही अशा अंधारकुंडात, बर्फाच्या रूपाने. इंदूची आई तिथे बर्फ काढणाऱ्या तुकडीत होती. बॅटरीवरची वाहने तिथल्या थंडीत बंद पडत, म्हणून तुकडी महिना महिना खालीच राही. इंदूचे आजोबा, ज्यांना सगळी वसाहत नाना म्हणे, निवृत्त वीज-अभियंते होते. कड्यापासून विवरापर्यंत रूळ टाकावेत आणि गाडीने त्या रुळांतूनच वीज घ्यावी, अशी त्यांची योजना होती. ती मंजूर झाली तर आई दर आठवड्याला घरी येऊ शकणार होती. उद्याच्या सभेत नाना ही प्रतिकृती चालवून दाखवणार होते आणि तिची वीजजोडणी इंदूने एकटीने केली होती.

तिने चिमटा नावाच्या दुरुस्ती-यंत्रमानवाला बोलावले. चिमट्याने नियमाप्रमाणे आधी इंजिन उचलून बाजूला ठेवले, मग व्होल्टमापक (विजेचा दाब मोजणारे उपकरण) रुळांना ठिकठिकाणी टेकवला. शिखराशी बारा व्होल्ट. बोगद्याशी बारा. अंधारकुंडाशीही जवळजवळ बारा.

“वीज पोचते आहे,” चिमटा म्हणाला. “दोष गाडीच्या इच्छाशक्तीत असावा.”

इंदूला हसू आले नाही. उद्या गाडी अशीच थांबली, तर लोक म्हणणार होते की खरी गाडीही अंधारात अशीच अडकेल, आणि त्यांना चूक तरी कसे म्हणायचे?

नाना इतका वेळ खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी एवढेच सुचवले, की इंजिन पुन्हा रुळावर ठेवून मग मोजावे. या वेळी शिखराशी बारा, बोगद्याशी नऊ आणि थांबलेल्या इंजिनाखाली जेमतेम पाच व्होल्ट निघाले. इंदू चक्रावली. मघाशी इथेच तर पुरता दाब होता.

“कोळीवाड्यात आमचं घर नळाच्या ओळीत शेवटचं,” नाना म्हणाले. “तोटीवर अंगठा दाबून धरला की पाणी अंगठ्याला अस्सं रेटायचं. अंगठा काढला की करंगळीएवढी धार. का, सांग बरं.”

इंदूने विचार केला. पाणी थांबलेले असते तेव्हा लांब, अरुंद नळ त्याला अडवणार तरी काय? अडवणूक जाणवते ती वाहू लागल्यावर. विजेचेही तसेच असावे. इंजिन उचलले तेव्हा वीज वाहतच नव्हती, म्हणून दाब सगळीकडे सारखा दिसला. इंजिन ठेवताच वीज वाहू लागली आणि वाटेतल्या रोधाने (वाहत्या विजेला होणाऱ्या अडवणुकीने) दाब खाल्ला. हा रोध थोडा रुळांत होता, पण त्याहून जास्त होता रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांत. प्रत्येक पट्टीपाशी दाब जरासा घटे, आणि अंधारकुंड येईपर्यंत अशा कितीतरी पट्ट्या लागत.

मग शिखराशीच दाब वाढवावा, असे तिला वाटले. नानांनी नकारार्थी मान हलवली. तसे केले तर गाडी पहिल्याच वळणावर रूळ सोडून उडेल.

“मग तुमच्या घरी शेवटी पाणी आलं कसं?” तिने विचारले.

“आळीभर एक जाड नळ टाकला आणि प्रत्येक घराला त्यातून आखूड फाटा दिला.”

इंदू खाली वाकली आणि प्रतिकृतीच्या फळीखाली पाहू लागली. तिथे सगळी जागा मोकळीच होती.

फळीखालून तिने दोन जाड तारा शिखरापासून अंधारकुंडापर्यंत नेल्या, एक लाल आणि एक काळी. जाड तारेत रोध अगदी कमी असतो. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याशेजारी बारीक भोके पाडून दोन्ही रुळांना जोडलेल्या पांढऱ्या, पातळ तारा तिने खाली सोडल्या. त्या वीतभरच असल्याने पातळ असूनही चालणार होते. आता कोणत्याही तुकड्याला वीज दहा पट्ट्या ओलांडून घ्यावी लागणार नव्हती. चिमटा फळीखाली उताणा झोपला आणि इंदूने वरून सांगितले, “डाव्या रुळाची तार लालला, उजव्याची काळीला.”

सगळे जोडून झाले. तिने कळ दाबली आणि वीजपेटी खट्‌कन बंद पडली. पुन्हा दाबली, पुन्हा खट्‌.

“हे लघुमंडल,” नाना म्हणाले. (इंजिनातून न जाता वीज आडवाटेने थेट परतते, ते लघुमंडल.)

इंदूने एकेक तार तपासली. शिखराशी तिने स्वतः वरून केलेली जोडणी बरोबर होती; खालून केलेली प्रत्येक जोडणी उलटी.

“मी डावीच जोडली,” चिमटा म्हणाला. “डावी तुझी की माझी, हे सांगितलं नव्हतंस.”

वरून पाहणाऱ्याचे डावे खालून वर पाहणाऱ्याला उजवे होते. पातळ कागदावरचे अक्षर मागच्या बाजूने पाहिले तर हेच दिसते.

“होडीत डावं-उजवं आम्ही बोलतच नसू,” नाना म्हणाले. “वल्हवणारा मागे तोंड करून बसतो आणि सुकाणूवाला पुढे. दोघांनाही कळेल असं बोलायचं. किनाऱ्याची बाजू आणि दर्याची बाजू.”

रूळ उतारावरून जात, त्यांच्या एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला दरी. इंदूने मग रुळांना नवी नावे दिली, कड्याकडचा रूळ आणि दरीकडचा रूळ. कड्याकडचा लाल, दरीकडचा काळा. चिमट्याने न कुरकुरता सगळे सोडवून पुन्हा जोडले. या खेपेस गाडी बोगद्यातून निघाली ती तशाच वेगाने अंधारकुंडाला पोचली आणि तिचा दिवा जराही मंदावला नाही.

सभेत आई विवरातून पडद्यावर हजर होती. गाडीने फेरी पूर्ण केली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत.

“इंदू, वरचं पाहिलं. फळी उलटी कर,” ती म्हणाली. “आम्हाला ज्याच्या भरवशावर वर यायचं, ते खाली आहे.”

नाना आणि इंदूने फळी उभी केली. जाड तारांची जोडी आणि तिला फुटलेले आखूड फाटे सगळ्यांना दिसले. खऱ्या मार्गावर हे फाटे म्हणजे ठराविक अंतरावरची वीज-उपकेंद्रे असतील, तारा चंद्राच्या मातीखाली पुरल्या जातील आणि वर फक्त दोन रूळ दिसतील, असे नानांनी समजावले. सभेने पहिल्या टप्प्याला संमती दिली.

आई अजून बारकाईने पाहत होती.

“अंधारकुंडाच्या अगदी शेवटच्या तुकड्याला फाटा दिलायस?”

“तो सगळ्यात आधी दिला,” इंदू म्हणाली.

तेव्हा कुठे आईने टाळी वाजवली.