दुसरा चौकोन

रविवारी सकाळी भाग्यश्री आजीला घेऊन खर्डीला निघाली, ते नुसतं सिम कापून आणायला. नात वाशिंदच्या कंपनीत लागली होती, तिनं आजीसाठी मोठा टचचा मोबाईल आणला होता, त्यात जुनं सिम बसंना. आजी म्हंजे रखमी. तिचा जुना बटणाचा फोन असा, की आकडे पुसलेले, पाठीला रबर बांधलेला, आन् वाजला की पाड्यावरची कुत्री उठायची. दुसरी म्हातारी असती तर नवा फोन बघून नाचली असती. रखमी गप्प होती. आन् रखमी गप्प झाली की पाड्यावरचे लोक आधी आभाळ बघतात.

गप्प बसायला कारण होतं, पण ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

तिची मैतरीण देवकी डोंगराच्या पलीकडं, मुरबाडच्या अंगाला दिलेली. दोघी एकाच गावच्या, एकमेकींच्या वेणीला शेणी बांधणाऱ्या. लग्नं झाल्यावर भेट वर्षातून दोनदा. फोन आले तसा दोघींनी खेळ काढला. भर दुपारी पाडा जेवून आडवा झाला, की देवकी एक मिसकॉल द्यायची. एकच रिंग. म्हंजे, जेवले, जिती हाय. ती कापायच्या आत रखमीनं फोन उचलायचा, उचलला तर देवकी हारली. बारा वर्षांत एकदाबी हारली नाय सटवी.

श्रावणात देवकी तापानं गेली. मातीत ठेवताना लेकानं तिच्या उशाला मिश्रीची डबी आन् फोन ठेवला. माणसाला आवडायचं ते माणसासंगं द्यायचं, अशी त्यांची रीत. रखमीनं सोताच्या हातानं वर माती टाकली.

दिवस घातले, त्याच्या दुसऱ्याच दुपारी फोन वाजला. एकच रिंग.

रखमीला नाव वाचता येत नव्हतं, पण शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, आकडे यायचे. शेवटचे दोन नऊ तिनं ओळखले. ओटीवर मिश्रीचा जळका वास आला. पाड्यावर कोणीच मिश्री भाजत नव्हतं... त्या दिवशी तिनं फोन पदराखाली झाकला. मग रोज वाजायला लागला, आन् दिवाळीपासून तर ती फोनवर झडप घालून, परत कापला म्हणून शिव्या देत बसायची. कोणाला सांगितलं असतं तर भगत आला असता, नारळ फुटला असता, आन् देवकी गेली असती. रखमीला भ्याव तेवढंच. देवकी आली त्याचं नाय, देवकी जाईल त्याचं.

खर्डीच्या दुकानदारानं जुनं सिम कात्रीखाली धरलं, आन् कट्. मधोमध दोन तुकडे. तोच नंबर परत काढायचा तर सिम होतं वाळूच्या नावावर, रखमीच्या नवऱ्याच्या. त्याला जाऊन सहा वर्षं झालेली. म्हणून मग नवाच नंबर घेतला. भाग्यश्री म्हणाली, मी कळवते सगळ्यांना.

"सगळ्यांना?" रखमीनं विचारलं.

"हो गो आजी. सगळ्यांना."

रखमीनं ते दोन तुकडे पदराच्या गाठीत बांधले.

दुपार झाली. पाडा झोपला. फाल्गुनाचं ऊन, मोहाचा गोड, जड वास, आन् तापलेली कौलं मधूनच कट् करायची. रखमी नवा फोन मांडीवर घेऊन ओटीवर बसली. येळ टळली. फोन वाजला नाय. मिश्रीचा वासबी नाय.

"आता ती मला हुडकायची कशी..." ती पुटपुटली.

नातीला वाटलं आजी नव्या फोनवर रुसली. फोटो काढते म्हणून तिनं आजीला कुडाच्या भिंतीला टेकवून बसवलं, फोन वर धरला, आन् तशीच उभी राहिली.

"आजी... मागं कोण हाय?"

"माझी सवत," रखमी म्हणाली. खोड जाते कुठं.

"मस्करी नको. माणसाचं तोंड दिसलं की हा त्याच्यावर पिवळा चौकोन काढतो. एक तुझ्यावर हाय. आन् एक... तुझ्या खांद्यापाशी."

कुडावर डाग असंल, असं सोताच म्हणत भाग्यश्रीनं तिला बाहेर खळ्यात उभी केली. मागं आभाळ आन् कापलेलं शेत, दुसरं काय नाय. चौकोन दोन. पोरीनं काच पुसून परत बघितलं. रखमीच्या नाकात मात्र बारीक वास शिरला... जळक्या तंबाखूचा.

ती एकदम मटकन खाली बसली.

"आता सांग."

"दुसरा वरच राहिला होता, आजी... आता... आता खाली आला."

रखमी हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बाजूच्या मोकळ्या जागेकडं मान वळवून म्हणाली, "सापडलीस गो. आज हारलीस."

भाग्यश्रीनं बटण दाबलेलं. फोटोत आजी एकटीच होती. हा फोन वाईट हाय, परत देऊ, असं ती सारखी म्हणत राहिली. रखमीनं तो चोळीत घातला. "नाय द्यायचा. जुन्याला नुसते कान होते. याला डोळे हायत."

नात संध्याकाळच्या गाडीनं वाशिंदला गेली, पण जायच्या आधी फोन चालवायला शिकवून गेली. दुसऱ्या दुपारी रखमीनं फोन भाताच्या कणगीला टेकवून उभा केला, सोताचं तोंड दिसंल असा, आन् समोर बसली. चहा दोन कपांत. चौकोन दोन. कोणाची सून कोणाशी भांडली, कोणाची कोंबडी कोणी खाल्ली, सगळं सांगून झालं. किती महिन्यांनी तिचं पोट भरून बोलणं झालं.

मग खाली, गुडघ्याच्या उंचीला, तिसरा चौकोन आला. इवलासा.

"देवके," रखमी हळूच म्हणाली, "हे कोणाचं घेऊन आलीस गो..."

रखमीनं ओठ घट्ट मिटले, बशीत थोडा चहा ओतला आन् पुढं सरकवली. बारका चौकोन हळूहळू मोठा होत गेला, म्हंजे जवळ आला. आन् कोणी हात न लावता फोननं फोटो काढला.

समोर कोणी हसलं, की हा आपोआप फोटो काढतो, असं भाग्यश्रीनं सांगितलं होतं. रखमी हसली नव्हती.