टाचांचे ठोके

आडबंदरचा कायदा साधा होता. जिथे देवमासा, तिथे जाळं नाही. पिलांना घेऊन देवमासे खाडीच्या तोंडाशी यायचे, म्हणून रापण बंद झाली. रापण म्हणजे सगळ्या गावानं मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. आता गावाला उरल्या त्या लहान होड्या, आणि रिसॉर्टवाल्यांचे टॉवेल वाळत घालायचं काम.

मग एक गंमतच झाली. ज्यांच्यासाठी हे सगळं, ते देवमासेच वाळूवर चढून मरू लागले.

कारण शोधायला डॉ. केतकी वर्तक आल्या.

"देवमासा कानानं बघतो," त्या रोहिणी कुबलला सांगत होत्या. नवरा गेल्यावर रापण रोहिणीच सांभाळायची. "अंधारात फ्रिजच्या घुरघुरीवरून तुम्ही स्वयंपाकघर ओळखता ना, तसं. कुठला किनारा कसा वाजतो, हे आई पिलाला शिकवते. आम्ही त्याला नादनकाशा म्हणतो. ओढताना तुम्ही टाचा आपटायचात, तो दणका वाळूतून पाण्यात जायचा. पुढे उथळ आहे, हे त्यांना कळायचं. गाव गप्प झालं आणि नकाशातून तुमचा किनाराच पुसला गेला."

"म्हणजे आमी ओढूक नाय, म्हणान ते मरतत?" रोहिणीला हसू आलं. "मगे सुरू करा रापण!"

"आधी पुरावा हवा. आवाज नोंदवू."

गाव लोटलं. जाळं तर जप्त झालेलं, म्हणून दोर माडाला बांधला.

"गो रोहिणी, माड उपटून इलो तर वाटे कसे करतलंस?" दोराकडून कुणीतरी ओरडलं.

"तुका शेंडो देतंय! ओढ आधी. सरकार ऐकता हा."

हाळी उठली आणि अख्ख्या गावानं टाचा रोवल्या. लग्नाच्या वरातीतही इतका जीव कुणी लावला नव्हता.

सरकारनं खरंच ऐकलं. ते ठोके भरलेलं यंत्र वाळूत पुरलं, बारा महिने वाजणारं. त्याला नाव दिलं टाचयंत्र. देखरेखीची नोकरी रोहिणीला मिळाली. गावाला मिळालेली नोकरी तेवढीच.

देवमासे परतले. ओळखीचा आवाज थांबेना, म्हणून तेही हलेनात. आणि जिथे देवमासा, तिथे जाळं नाही. खाडीतल्या होड्याही बंद झाल्या. एकेक घर कुलूप लावून गेलं.

डॉक्टर पाहणीला आल्या, तेव्हा रोहिणी टाचयंत्राच्या पेटीचा खटका धरून बसली होती.

"डॉक्टरबाय, बंद करतंय."

"नको, रोहिणीताई! माय-लेकरं वाळूवर येतील."

"आणि चालू ठेवलंय तर आमी येतलंव."

समोर आईच्या कुशीला लागून एक पिलू वर आलं, त्यानं फवारा सोडला आणि उगाचच कुशीवर वळलं. रोहिणी बघत राहिली. "मेल्या," ती हळूच म्हणाली, आणि खटक्यावरचा हात तिनं काढून घेतला.

पायाखाली वाळू दणदणत होती. सगळं आडबंदर जीव तोडून ओढत होतं, आणि किनाऱ्यावर त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं.