हे बरं, की हे?

"हनुवटी इथं टेका. कपाळ त्या पट्टीला लावा. हं... आता समोर बघा. हे बरं, की हे?"

डोळ्यांपुढे भिंगं खट्‌खट् बदलत होती. भिंतीवरची अक्षरं एकदा वर तरंगून यायची, एकदा बुडायची.

"दुसरं," मी म्हटलं.

"आता? हे बरं... की हे?"

"दोन्ही सारखीच वाटतायत."

"तसं म्हटलं तरी चालतं. इथं कुणी नापास होत नाही."

आवाज शांत होता. माणूस म्हणून त्या अंधाऱ्या खोलीत मला एक उंच करडा ठिपका तेवढा दिसत होता, कारण माझा चष्मा त्याच्या टेबलावर होता आणि साडेपाच नंबरवाल्या बाईला चष्म्याशिवाय माणसं ठिपक्यासारखीच दिसतात.

भिंग बदलायला त्याचा हात पुढे आला आणि कोटाची बाही माझ्या डोळ्यांपाशी येऊन थांबली. करडी लोकर... मनगटाजवळ फाटलेली. एक धागा लोंबत होता. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या हातानं त्यानं तो धागा चिमटीत धरला.

"ओढू नका."

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा जरा मोठाच निघाला. आणि त्याहून वाईट म्हणजे मी त्याचं मनगट धरलं होतं. धरलंच होतं, तर मग बाही वीतभर अंतरावर आणून नीट पाहिली.

"खिळ्याला अडकलाय हा. आडवे सहा धागे तुटलेत, उभे दोनच. ओढलात तर आणखी चार सुटतील. शिवणीच्या आतून याच कापडाचे धागे काढून भरलं, तर कुठं फाटलं होतं ते तुम्हालासुद्धा सापडणार नाही."

"हे सगळं तुम्हाला... चष्म्याशिवाय दिसलं?"

"चष्म्याशिवायच दिसतं," मी म्हटलं, आणि मनगट सोडलं.

मी रफू करते. बाबा शिंपी. त्यांच्या दुकानात शिलाईयंत्रापलीकडे, खिडकीशी माझी जागा. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान चालतं ते माझ्या खिडकीवर. कामाला बसले की मी चष्मा काढून ठेवते. कापड वीतभर अंतरावर धरलं की त्याची वीण मला अशी दिसते, जशी दुसऱ्या कुणाला भिंगातूनही दिसत नाही. त्या वीतभर जगात माझ्यासारखी श्रीमंत मीच. त्यापलीकडे मात्र सगळं धुकं.

चष्मा घालवायच्या ऑपरेशनचा विचार त्या धुक्यामुळेच आला. दोन महिन्यांपूर्वी पहाटे बाबा न्हाणीघरात पडले. त्यांची हाक ऐकून मी उठले, चाचपडत चष्मा शोधू लागले, आणि तो सापडला तो माझ्याच पायाखाली. काच मोडल्याचा तो आवाज अजून कानांत आहे. भिंतीला हात लावत त्यांच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, कुणास ठाऊक. त्यांना फारसं लागलं नव्हतं, देवाची कृपा. पण ऐन वेळी माझे डोळे माझ्याच पायाखाली होते, हे काही केल्या मनातून जाईना.

हे सगळं मी त्या करड्या कोटाला का सांगितलं, माहीत नाही. त्यानं विचारलं होतं, "चष्मा का नकोसा झाला?" बस्स, एवढंच. त्यानं माझा चष्मा पुसून हातात दिला. तो घातल्यावर ठिपक्याला चेहरा आला. चाळिशीच्या अलीकडचा, केस थोडे विस्कटलेले... आणि नाकावर जाड भिंगाचा चष्मा.

"तुम्ही स्वतःच चष्मा लावता?" मला हसूच आलं. "मग तुम्ही नाही का करून घेतलंत?"

"माझा नंबर तुमच्या उलटा. लांबचं ठीक, जवळचं सगळं पिठूळ. चष्मा विसरून जेवायला बसलो तर ताटात काय आहे ते चवीवरून ओळखतो." तोही हसला. "करून घेणारच होतो. पण माझ्या बुबुळावरचा पडदा पातळ निघाला. मोठ्या बाईंनी याच खुर्चीत बसवून सांगितलं, तुला नाही जमणार."

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या शल्यचिकित्सक. ऑपरेशन त्या करायच्या. आधीची मोजमापं घेणं आणि माणसाला फायदे-तोटे समजावणं हे याचं काम.

त्यानं छापील कागद पुढे ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागला. चष्मा सुटेल, बहुतेकांचा सुटतो. एक-दोन दिवसांत लांबचं दिसायला लागेल. डोळे काही महिने कोरडे पडतील, थेंब घालावे लागतील. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. क्वचित थोडा नंबर शिल्लक राहतो. फार क्वचित त्याहून वाईट काही. प्रत्येक ओळीला तो थांबायचा आणि मी "समजलं" म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही.

शेवटच्या ओळीवर त्याचं बोट रेंगाळलं.

"हे जरा नीट ऐका. तुमचं ते वीतभर अंतर... ते तुमच्या नंबरामुळेच आहे. नंबर गेला की तेही जाईल. लांबचं चष्म्याशिवाय दिसेल, पण जवळ बघायला डोळ्यांना जोर लावावा लागेल. तुमचं वय?"

"चौतीस."

"आज जोर लावता येईल. पाच-सात वर्षांनी वाचायलाही चष्मा लागेल. बाकीच्यांना यानं फारसं बिघडत नाही. तुमचं मात्र... पोट आहे त्यावर."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. खरं तर मीच कुणाला विचारलं नव्हतं.

"एक करा," तो म्हणाला. "आठ दिवस लेन्स लावून काम करा. ऑपरेशननंतर कसं दिसेल त्याचा साधारण अंदाज येईल. आवडलं तर लेन्स काढून दोन आठवडे थांबू, मग पक्की मोजमापं. नाही आवडलं तर काहीच गेलं नाही."

"आणि हा कोट?"

त्यानं बाहीकडे पाहिलं. मग कोट काढून माझ्या हातात दिला. "हाही लेन्स लावूनच भरा. बिघडला तर माझी जबाबदारी."

घरी बाबांना सगळं सांगितलं. "काय करतो हा माणूस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिवसभर लोकांना 'हे बरं, की हे' विचारतो. तेव्हापासून त्याचं नावच पडलं – हेबरंकीहे.

लेन्स लावल्या, आणि खोटं कशाला बोलू... मी हरखून गेले. चौकट गेली, आणि जग कडांनाही सुरू झालं. चहाच्या वाफेनं काही झाकोळेना. रस्त्यानं जाताना बाजूनं येणारी सायकल मला तोंड न वळवता दिसली. दुपारी जेवताना बाबा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं, बाबा?"

"तुझे डोळे तुझ्या आईचे आहेत गं. काचेमागं लहान दिसायचे... मी विसरलोच होतो."

त्या दुपारी मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

चौथ्या दिवशी कोट घेतला. शिवणीतून धागे काढले, सुई ओवली, कापड नेहमीच्या सवयीनं वीतभर अंतरावर धरलं. पहिले काही टाके दिसले. मग थकून हात सोडून द्यावा, तसे डोळे पकड सोडून देऊ लागले. मी लांब धरायची, तेव्हा वीण बारीक व्हायची. जवळ आणायची, तेव्हा धुकं. आजवर ते धुकं माझ्या वितीपलीकडे असायचं. आता ते वितीच्या आत शिरलं होतं... माझ्या स्वतःच्या अंगणात.

तरी पुरं केलं. हट्टानं केलं. संध्याकाळी लेन्स काढून पाहिलं, तर एका धाग्यावरून जायचं तिथं सुई दोन धाग्यांवरून गेली होती. एकदा नाही, तीनदा.

आठव्या दिवशी तो कोट न्यायला दुकानात आला. बाहेर भुरभुर पाऊस होता. आत आल्या आल्या त्याचा चष्मा धुक्यानं भरला, आणि तो दारातच आंधळ्यासारखा उभा राहिला.

"या, हेबरंकीहे," बाबा म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मला म्हणतायत?" त्यानं चष्मा पुसत विचारलं.

"दुसरं कोण आहे इथं? बसा. कोट तयार आहे. पण आधीच सांगतो, ते हिच्या हातचं काम वाटत नाही."

"बाबा..."

"मग काय खोटं सांगू? चाळीस वर्षं कापड हाताळलंय."

मी कोट पुढे केला. "उसवून परत भरून देते. लेन्स काढल्यात आता. दोन दिवस द्या."

त्यानं तो अंगात घातला, बाही उजेडात धरली. "राहू द्या."

"दिसतंय ते."

"मला नाही दिसत."

"चष्मा लावलाय तुम्ही."

"...दिसतंय," तो म्हणाला. "पण राहू द्या."

बाबांची कात्री कापडावर चालत होती. मी धीर करून विचारलं, "तुम्हीच सांगा. काय करू? करून घेऊ की नको?"

तो बाहीवरून बोट फिरवत म्हणाला, "तुमची फाइल मी काल मोठ्या बाईंकडे देऊन आलो. यापुढे त्याच बोलतील तुमच्याशी."

"का? मी फार प्रश्न विचारते म्हणून?"

"नाही हो... समोरच्याला फायदे-तोटे सांगताना आपलं त्यात काही अडकलेलं नसावं, असा आमच्याकडे नियम आहे. कागदावर नाही, पण आहे." त्यानं मान वर केली. "त्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरून बाही डोळ्यांपाशी नेलीत ना... तेव्हापासून मला वाटतं, या डोळ्यांना कुणी हात लावू नये. आता हे तुमच्या भल्याचं वाटतंय, की माझ्या हट्टाचं, ते मला वेगळं करता येत नाही. मग सल्ला कुठल्या तोंडानं देऊ?"

कात्री थांबली होती.

"मी जरा बटणं घेऊन येतो," बाबा उठत म्हणाले.

"बटणं भरपूर आहेत, बाबा."

"काळी नाहीत," असं म्हणून ते छत्री न घेताच निघून गेले. काळ्या बटणांचा डबा माझ्या कोपराशीच होता.

आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत राहिलो.

"मला आठ दिवस हवेत," शेवटी मी म्हटलं. "डोळ्यांसाठीही... आणि त्या दुसऱ्या गोष्टीसाठीही."

"घ्या ना," तो म्हणाला. "मी भिंगं बदलत नाही मध्ये."

रोज सकाळी मी देवासमोर बसते ती चष्मा काढून. त्याला बघायला नंबर लागत नाही. ते आठ दिवस मी काही मागितलं नाही, नुसती दोन्ही बाजू त्याच्यासमोर मांडत राहिले. आईचे डोळे. न्हाणीघरातली हाक. दोन धाग्यांवरून गेलेली सुई. आणि त्या माणसाला मुद्दाम बाजूला ठेवत राहिले, कारण त्यानं स्वतःच स्वतःला बाजूला ठेवलं होतं. त्याचा मान राखायला हवा होता.

मोठ्या बाईंनी माझं 'नाही' ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"त्याच्यामुळे म्हणतेस? तसं असेल तर मी हे 'नाही' ऐकून घेणार नाही."

"नाही बाई. कोटामुळे."

मी त्यांना तीन चुकलेले टाके सांगितले. त्यांनी मान हलवली. टाक्यांची गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागली नाही.

"आणि वडील?"

"माझ्या उशाशी त्यांनी खिळा ठोकलाय. कापत्या हातानं, स्वतः. चष्मा रात्री दोरीनं तिथं टांगायचा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. दुसरा चष्मा त्या दाराशी."

"पुढं कधी मन बदललं तर?"

"तर येईन. डोळे माझेच आहेत."

त्या हसल्या. "जा मग. पलीकडच्या खोलीत सकाळपासून एकच भिंग पुसणं चाललंय."

तो खरंच पुसत होता.

"काय ठरलं ते मी विचारणार नाही," तो म्हणाला.

"विचारा. फाइल बंद झाली."

"...काय ठरलं?"

"नाही करत."

त्यानं श्वास सोडला, आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे तर नाही?"

"मोठ्या बाईंनीही हेच विचारलं. इथं सगळ्यांना तुमचं फार कौतुक दिसतंय." मी खुर्चीकडे बोट केलं. "बसा. हनुवटी टेका."

"मी?"

"तुम्हीच. आणि चष्मा द्या इकडे."

त्यानं मुकाट्यानं चष्मा दिला. मीही माझा काढला. दोन्ही चष्मे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मी भिंतीपर्यंत मागे गेले, अक्षरांच्या पाटीपाशी. तिथून तो मला ठिपका दिसत होता, आणि मी त्याला लख्ख.

"हे बरं," मी म्हटलं. मग एकेक पाऊल पुढे आले. ठिपक्याला केस आले, कपाळ आलं... अगदी वीतभर अंतरावर येऊन थांबले. आता त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या. त्याच्या भुवईवर एक जुना व्रण होता, तो चष्म्यामागे मला कधी दिसलाच नव्हता. "की... हे?"

"हे," तो म्हणाला. क्षणाचाही वेळ न लावता.

"खोटं. आत्ता तर मी तुम्हाला पिठूळ दिसत असणार."

"अगदी पिठूळ," तो म्हणाला. "पण तुम्ही बरं कुठलं ते विचारलंत. स्पष्ट कुठलं ते नाही."

बाहीवरचे ते तीन टाके माझ्या हाताशी आले होते. मी त्यांच्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.